नागपूरचा तिबेटी स्वेटर बाजार: माल, भाव आणि विकणाऱ्यांचे कागद

थंडी पडायला लागली की नागपुरात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार भरतो. यंदा तिथून सासूबाईंना बटणांचा स्वेटर, लेकीला जाकीट आणि मला शाल घेतली.

आधी मालाचं सांगते. स्वेटर ८५० रुपयांना मिळाला. वीण घट्ट, काखेत दुहेरी शिवण, आणि धुतल्यावरही गोळे आले नाहीत. जाकिटाची चेन अडकत होती. परत नेलं तर पावती न मागता दुसरं काढून दिलं. शालीत लोकर कमी आणि अ‍ॅक्रिलिक जास्त आहे, हे विकणारीने मी न विचारताच सांगितलं. भाव एकच, घासाघीस चालत नाही. घालून पाहायला आडोसा नाही आणि संध्याकाळी आरशापर्यंत पोचता येत नाही, म्हणून दुपारी जावं. माल हिमालयातून येतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. खरं तर तो बहुतेक लुधियानाचा असतो, तिथल्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचललेला. हंगाम संपला की पैसे फेडायचे. थंडी उशिरा पडली तर या लोकांचं सगळं वर्ष अडचणीत जातं.

मी घेते तो स्टॉल भाऊबहिणीचा आहे. “घालून पाहा न जी ताई,” असं ती म्हणते तेव्हा बाई गोंदिया जिल्ह्यातली हे लगेच कळतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. दोघांचा जन्म तिथलाच. आईवडील तिबेटात जन्मलेले, लहानपणी इकडे आलेले. ती १९८४ ची, तो १९९० चा.

मी वकिली करते, त्यामुळे ही दोन सालं कानावर पडली आणि मी थांबलेच. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस, आईवडील कुठलेही असोत, जन्माने भारतीय नागरिक असतो. त्यानंतर जन्मलेल्यासाठी आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो. म्हणजे एकाच घरात वाढलेली, एकाच शाळेत गेलेली ही दोघं. कायद्याने बहीण भारतीय आणि भाऊ परदेशी.

बहिणीचा हक्कही कागदावर सहज उतरलेला नाही. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात अशा व्यक्तीला जन्माने नागरिक मानलं. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने या लोकांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. पासपोर्टसाठी २०१६ मध्ये पुन्हा न्यायालयात जावं लागलं, आणि सरकार तयार झालं तेव्हा वसाहत सोडण्याची अट पुढे आली. म्हातारी आई, घर, शेत सोडून कोण जाणार? ही अट मला क्रूर वाटते.

भावाकडे परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, सगळे त्याला आरसी म्हणतात. पूर्वी दरवर्षी नूतनीकरण करावं लागे, आता बऱ्याच जणांना पाच वर्षांचं मिळतं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी सरकारने दिलेल्या पिवळ्या ओळखपुस्तिकेवर. सरकारी नोकरी नाही.

भारताने या लोकांसाठी पुष्कळ केलं, हे मी मनापासून मानते. १९५९ मध्ये दलाई लामांना आसरा दिला, वसाहतींना जमिनी दिल्या, शाळा काढल्या. २०१४ च्या केंद्राच्या पुनर्वसन धोरणात जमिनीचे भाडेपट्टे, व्यवसायाचे परवाने आणि अशा बाजारांसाठी जागा यांचा उल्लेख आहे. पण हे धोरण आहे, कायदा नव्हे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, आणि २०२५ च्या नव्या परदेशी नागरिक कायद्यातही निर्वासितांना वेगळा दर्जा नाही. त्यामुळे तिबेटी माणसाला जागा मिळते ती सरकारची मर्जी आहे म्हणून. रोहिंग्यांवर ती मर्जी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आसामातून सात जणांना म्यानमारच्या हवाली केलं गेलं. संयुक्त राष्ट्रांचं ओळखपत्र जवळ असलेले रोहिंग्याही इथे डांबले गेले आहेत.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत बौद्धांचं नाव आहे, पण ते फक्त पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या बौद्धांसाठी. तिबेट त्या यादीत नाही. दीक्षाभूमीच्या शहरात, स्वतः बौद्ध असलेल्या मला हे फार लागतं. त्या स्टॉलवर वहीच्या मागे बुद्धाचा फोटो लावलेला असतो.

सगळ्याच तिबेटींना नागरिक व्हायचंय असं नाही. कित्येकांना आरसी ठेवणं म्हणजे परत जायची आशा जिवंत ठेवणं वाटतं, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण इथे जन्मलेल्या आणि मागणाऱ्या माणसाला नागरिकत्व द्यावं, वसाहत सोडायला न लावता. त्यासाठी जन्मसालाची अट संसदेला बदलता येते.

बाजार जानेवारीपर्यंत असतो. मुलांची मोठी मापं डिसेंबरातच संपतात, लवकर जा. स्वेटर घ्या, जाकिटाची चेन तिथेच दोनतीनदा ओढून पाहा.