पात्यामागची पट्टी: ओतीव लोखंडी टेबल सॉ, दिवाळीपासूनच्या वापरानंतर

चिरताना लाकूड पात्याला आवळून अंगावर उसळू नये म्हणून पात्यामागे बसवलेली पट्टी पात्याबरोबर वरखाली होत नाही, ही माझ्या टेबल सॉबद्दलची तक्रार विक्रेत्याच्या सेवा विभागाने गेल्या महिन्यात ‘उत्पादनात दोष नाही’ असा शेरा मारून बंद केली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या माथ्यातून वर आलेल्या फिरत्या पात्यावर फळी ढकलून चिरायची विजेवरची करवत. माझे यंत्र दहा इंची पात्याचे, बेल्टवर चालणारे, ओतीव लोखंडी माथ्याचे आणि देशी बनावटीचे आहे. निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हीच रचना याच किमतीच्या इतर यंत्रांवरही मी पाहिली आहे.

माझी आधीची सॉ उचलून नेण्याजोगी होती. प्लायला ती पुरत असे, परंतु जुन्या वाड्यांतून निघालेले सागवान चिरायला घेतले की तिची मोटार दमत असे आणि कापाच्या कडेला जळके डाग पडत. नवीन घेताना डीवॉल्ट आणि बॉश यांच्या जॉबसाइट सॉ, म्हणजे कामाच्या जागी नेता येणाऱ्या सॉ, पाहिल्या. त्यांच्यात पात्याबरोबर हलणारी पट्टी असते, आणि डीवॉल्टची फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरळ सरकवायची आडपट्टी, पुढे-मागे दोन्ही टोकांना दातेरी पट्टीवर एकदम सरकत असल्याने समांतर राहते. मात्र मोटार पुन्हा कार्बन ब्रशचीच, म्हणजे तोच कर्कश आवाज आणि जाड लाकडात तीच दमछाक. मिस्त्री लोकांकडे सर्रास दिसणारे रंधा आणि कटर एकत्र असलेले यंत्रही पाहिले, पण त्यात पात्यावर झाकण नसते आणि फेन्सचा भरवसा नसतो. सरकत्या टेबलाची पॅनेल सॉ माझ्या बारा बाय सोळाच्या खोलीत मावणारच नव्हती.

मोटारीबद्दल समाधानाने लिहितो. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज इंडक्शन मोटार मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते, पुलीच्या जोडीमुळे पाते सुमारे ४,००० फेऱ्यांनी फिरते, आणि दोन इंची ऐनाची फळी चिरतानाही आवाज फारसा खाली जात नाही. सुरुवातीला मात्र बटण दाबताच एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह आला की वीज तोडणारा स्विच, पडत असे. इंडक्शन मोटार सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह क्षणभर खेचते आणि घरगुती बी प्रकारचा एमसीबी तो सहन करत नाही. वायरमनने चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढून सी प्रकारचा एमसीबी बसवला, आणि तो प्रश्न मिटला. स्विच ‘नो-व्होल्ट’ प्रकारचा आहे, म्हणजे गेलेली वीज परत आल्यावर पाते आपोआप फिरू लागत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कितीदा जाते हे लक्षात घेता, हा स्विच नसलेले यंत्र मी घरात आणलेच नसते.

माथ्याविषयी माझे मत दोनदा बदलले. कोल्हापुरात ऑइल इंजिनांच्या काळापासून ओतकाम चालत आल्याने ओतीव भाग पाहताना इथला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा, की ओतल्यावर तो पुरेसा मुरू दिला होता का. घाईने मशिनिंग केले तर आतले ताण पुढे हळूहळू सुटतात आणि सपाट माथा वाकतो. म्हणून यंत्र आल्याच्या दिवशीच सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) लावून नोंद ठेवली. मध्यभागी ०.१ मिलिमीटरची फट होती, आणि आजही ती तेवढीच आहे. मी खूश होतो. जुलैमध्ये ओलसर प्लायचा एक तुकडा रात्रभर माथ्यावर राहिला आणि सकाळी त्याखाली त्याच आकाराचा तांबूस गंज उमटला, तेव्हा ॲल्युमिनियमचा माथाच बरा होता असे वाटू लागले. बारीक पॉलिश पेपरने घासून मेणाचा हात दिला, आणि तेव्हापासून दर पंधरवड्याला देतो. भर श्रावणातही पुन्हा डाग पडला नाही, उलट फळी आता हलक्या हाताने सरकते. सिलिकॉनचा स्प्रे मात्र वापरू नये, कारण तो लाकडाला लागला की त्यावर पॉलिश धरत नाही.

फेन्स अमेरिकेतल्या बिझेमायर धर्तीची, पुढच्या नळीवर आवळली जाणारी आहे. मागच्या टोकाला जोर लावला तरी ती अर्धे सूतही हलत नाही. डायल गेज लावून पाते माथ्यावरच्या खाचेला समांतर करून घेतल्यापासून चिरलेली कड रंधा न मारता थेट चिकटवता येते. या एका गोष्टीसाठी मी यंत्राचे सगळे पैसे वसूल झाले असे मानायला तयार होतो.

तरीही पात्यामागच्या पट्टीचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. लाकूड चिरले जाते तेव्हा त्यात अडकलेले ताण मोकळे होतात आणि पात्याच्या मागे दोन्ही तुकडे एकमेकांकडे वळून पात्याला आवळतात. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात, आणि या यंत्रावर त्यांचा वेग सेकंदाला सुमारे त्रेपन्न मीटर असतो. त्या दातांनी फळी पकडली की ती उचलली जाऊन थेट काम करणाऱ्याच्या अंगावर येते. हे टाळण्यासाठी कापात शिरून तो उघडा ठेवणारी पट्टी, म्हणजे राइव्हिंग नाइफ, असते. ती पात्याच्या मागे तीन ते आठ मिलिमीटरवर उभी राहिली पाहिजे, तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त पण कापाच्या रुंदीपेक्षा कमी हवी, तिचा माथा दातांच्या किंचित खाली हवा, म्हणजे खाच पाडतानाही ती काढावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे पाते वर-खाली केले तरी ते अंतर तिने सोडता कामा नये. अमेरिकेत यूएल ९८७ या मानकानुसार २००८ पासून नव्या रचनेच्या टेबल सॉवर ती सक्तीची झाली.

माझ्या यंत्राच्या माहितीपत्रकात राइव्हिंग नाइफ असे स्पष्ट छापले आहे. प्रत्यक्षात मिळाला तो मागच्या बाजूस दोन बोल्टांनी आवळलेला, झाकणासह एकाच उंचीवर उभा असलेला स्प्लिटर, म्हणजे पात्याबरोबर वरखाली न होणारी साधी पट्टी. पाते तिरके केले तर तो तिरका होतो, पण उंची बदलली तर जागचा हलत नाही. पाऊण इंची फळीसाठी पाते खाली घेतले की दोघांमध्ये इंचाहून जास्त अंतर पडते, आणि लाकूड आवळायला तेवढे पुरते. खाच पाडायची तर माथ्याखाली हात घालून पान्याने तो काढावा लागतो, आणि परत बसवताना पात्याच्या रेषेत आणण्यात बराच वेळ जातो. इतका त्रास असलेली सुरक्षा वस्तू ड्रॉवरमध्येच पडून राहणार, हे तिची रचना करणाऱ्याला कळायला हवे होते.

तक्रारीनंतर त्यांचा मेकॅनिक आला. हुशार आणि नम्र गृहस्थ होते. बेल्टचा ताण आणि बेअरिंगचा आवाज त्यांनी मन लावून तपासला. पट्टीचा विषय काढताच म्हणाले, “साहेब, सगळे कारखानेवाले ती काढूनच ठेवतात. तुम्हीपण काढून टाका.” त्यांचा राग आला नाही, कारण त्यांनी जे पाहिले तेच सांगितले. राग आला तो नंतरच्या ईमेलचा, ज्यात माझा मुद्दा टाळून केवळ झाकणाचे नवे प्लास्टिक पाठवण्याची तयारी दाखवली होती. बोट लागताच पाते मिलिसेकंदांत थांबवणारी सॉस्टॉपसारखी यंत्रणा मी मागत नव्हतो. मागत होतो एक पोलादी पट्टी आणि ती पात्याच्या दांड्याबरोबर हलेल असा एक ब्रॅकेट.

शेवटी ते दोन्ही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत करून घेतले. पात्याचा दांडा ज्या ओतीव भागात बसतो आणि जो उंचीबरोबर हलतो, त्यावर आटे पाडलेली दोन रिकामी छिद्रे आधीच होती. तिथे दहा मिलिमीटर पट्टीचा ब्रॅकेट बसवला. माझ्या पात्याचा काप ३.२ आणि पत्रा २.२ मिलिमीटरचा आहे, म्हणून पट्टी २.५ मिलिमीटर पोलादातून लेझरने कापून घेतली आणि पात्याच्या गोलाईला समांतर ठेवली. सगळा खर्च चांगल्या आयात केलेल्या साठ दाती पात्याच्या किमतीपेक्षा कमी आला. एका नगाला एवढ्यात होते, तर शेकड्याने बनवणाऱ्याला ते किती स्वस्तात करता आले असते, हा विचार आला की माझी चिडचिड वाढते.

गणपतीनंतर जुन्या तुळईतून निघालेली सागवानी फळी चिरत होतो. निम्म्यावर आल्यावर आवाज जड झाला आणि फळी पुढे जाईना. बंद करून पाहिले, तर पात्यामागचा काप मिटत येऊन पट्टीला दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटला होता. कापात पाचर ठोकून फळी मोकळी केली. पट्टीच्या दोन्ही अंगांवर सागाच्या तेलाचे तपकिरी ओरखडे उमटले होते. पट्टी तिथे नसती, तर लाकडाने तेवढ्याच ताकदीने पाते आवळले असते.

दिवाळीत विचारले असते तर हे यंत्र डोळे झाकून घ्या असे सांगितले असते, आणि जुलैमध्ये घेऊ नका म्हटले असते. आज सांगेन की घ्या, पण दुकानात पाते पूर्ण वर आणि पूर्ण खाली करायला लावा, मागची पट्टी त्याबरोबर हलते का ते स्वतः पाहा, आणि हलत नसेल तर ब्रॅकेटचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

ब्रॅकेट बसवल्याने वॉरंटी संपली, असे मला फोनवर सांगण्यात आले आहे. मूळ भागात एकही नवे छिद्र पाडलेले नसल्याने मी हे लेखी मागितले आहे; उत्तर आल्यावर त्याची नोंद याच अनुभवाखाली जोडेन.