इंटेक्स प्युअरस्पा, चार जणांचा: टब चांगला आहे, पण पाणी कोण सांभाळणार?

इंटेक्सचा हवा भरून उभा करायचा प्युअरस्पा हा घरगुती गरम टबांमधला सगळ्यात सोपा पर्याय. गोल, बाहेरून 196 सेंमी व्यास, 71 सेंमी उंची, पाणी सुमारे 800 लिटर, तापमान जास्तीत जास्त 40 अंश. खोक्यावर ‘चार जण’ लिहिलंय, त्यावर जाऊ नका. आतला व्यास जेमतेम 145 सेंमी आहे आणि बसायला बाक नाही, तळावरच बसायचं. दोघं आरामात बसतात, तिसरा आला की पाय आवरावे लागतात, चौथा आला तर नातेसंबंधांची परीक्षा.

बुडबुडे मात्र झकास. पण ते नुसते हवेचे आहेत. पक्क्या ॲक्रिलिक टबात पाण्याचा झोत पाठीवर येऊन दाबतो, तसं इथे काही होत नाही. स्नायू मोकळे होतात ते गरम पाण्याने. अर्ध्या तासाने बुडबुडे आपोआप बंद होतात, तो बिघाड नव्हे. पंखा बाहेरची गार हवा पाण्यात ढकलतो, त्यामुळे थंडीत बुडबुडे सुरू ठेवले की पाणी भराभर निवतं. आधी नुसतं पाण्यात बसावं आणि शेवटची दहा मिनिटं बुडबुडे लावावेत.

आता वीज. 800 लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण 0.93 युनिट लागतं. पुण्याकडच्या हिवाळ्यात नळाचं पाणी 24–25 अंश धरलं, तर 39 पर्यंत न्यायला 13-14 युनिट होतात. 220–240 व्होल्टच्या मॉडेलचा हीटर 2200 वॉटचा, म्हणजे कागदावर ताशी सव्वादोन अंश. वाऱ्याने आणि भिंतींतून जाणारी उष्णता वजा केली की दीड ते दोन. थोडक्यात संध्याकाळी सातला बसायचं असेल तर सकाळी दहाच्या आत हीटर लागला पाहिजे, तोही झाकण घट्ट लावून. गावाकडे व्होल्टेज 190 वर आलं असेल तर तोच हीटर 1500 वॉटच देतो, कारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात ताकद घटते. ‘टब तापतच नाही’ अशी तक्रार असेल तर यंत्र उघडण्याआधी सॉकेटवर मीटर लावून बघा.

तापवण्याचा खर्च कमी करायचा सोपा उपाय बऱ्याच बंगल्यांच्या गच्चीवर आधीच आहे, तो म्हणजे सोलर. 200 लिटर पाणी 60 अंशांचं आणि 600 लिटर 24 अंशांचं मिळालं, की टब 33 अंशांवर भरतो आणि आठ-साडेआठ युनिट वाचतात. फक्त सोलरचं कडक पाणी थेट टबात सोडायचं नाही, 40 अंशांच्या वरचं पाणी या प्लॅस्टिकला सोसत नाही. मिक्सरच्या नळाला पाइप जोडा आणि हाताला कोमट लागेल असंच पाणी सोडा.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांना ‘येताना घेऊन या’ म्हणून सांगू नका. तिकडचा टब 110–120 व्होल्टचा असतो, तो इकडे चालत नाही. इथे विकत घेतानाही प्लग कुठल्या घाटाचा आहे ते बघा. आपल्या 16 अँपियरच्या तीन-पिनी सॉकेटला न बसणारा प्लग स्वस्तातल्या अडॅप्टरवर लावला की अर्थिंग तुटू शकतं आणि अडॅप्टर वितळू शकतो. स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) आणि मोजून खात्री केलेलं अर्थिंग, हे सगळं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. केबलवरच्या सुरक्षा-स्विचचं ‘टेस्ट’ बटण दर वेळी उतरण्याआधी दाबायचं. दाबूनही वीज तुटली नाही, तर त्या दिवशी टबात कोणी उतरायचं नाही.

गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर आधी वजन बघा. पाणी, टब आणि तीन माणसं मिळून हजार किलोच्या वर जातात, तेही तीन चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला 340 किलोच्या आसपास. वापराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात साधारण 150 किलो धरतात, राहत्या खोलीसाठी 200. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर नकोच. तळमजल्यावरचं सपाट, खडे नसलेलं, पाणी निघून जाईल असं अंगण सगळ्यात चांगलं.

इथवरचं काम एकदाच करायचं असतं. टब टिकतो की महिन्याभरात नकोसा होतो, ते ठरतं पाण्यावर. जलतरण तलावाचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. तलावात लाखभर लिटर पाणी असतं, माणसाचा घाम आणि तेल त्यात विरून जातं. इथे 800 लिटरमध्ये दोघं बसतात, आणि पाणी 38–39 अंशांवर असतं. लिजिओनेला हा जंतू 25 ते 45 अंशांत जोमाने वाढतो, म्हणजे आपण त्याची सोयच केलेली असते. क्लोरीन संपलं की एका रात्रीत पाणी गढूळ होतं आणि भिंतीला हात लावला तर बुळबुळीत लागतं.

लक्षात ठेवायचे आकडे मोजकेच. क्लोरीन कमीत कमी 3 पीपीएम (म्हणजे लिटरला 3 मिलिग्रॅम), 5 पर्यंत ठीक. पीएच 7.2 ते 7.8. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरणारी क्षारता, 80 ते 120 पीपीएम, मात्र बुडबुडे रोज लावणार असाल तर 80 च्याच आसपास ठेवा. बुडबुड्यांमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच सारखा वर सरकतो, अल्कलिनिटी जास्त असेल तर आणखी वेगाने.

आधी अल्कलिनिटी, मग पीएच, शेवटी क्लोरीन, हाच क्रम. अल्कलिनिटी 10 ने वाढवायला या टबात 13-14 ग्रॅम खायचा सोडा लागतो. 40 वरून 80 वर न्यायची तर 55 ग्रॅम. धुण्याचा सोडा नको, त्याने पीएच उडी मारतो. पीएच उतरवायला तलावाच्या सामानाच्या दुकानात ‘पीएच मायनस’ मिळतं. ते बादलीभर पाण्यात विरघळवून, पंप चालू ठेवून, थोडं थोडं टाका आणि दोन तासांनी परत मोजा.

क्लोरीनसाठी एसडीआयसीचे (सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेटचे) दाणे घ्या, 56 किंवा 60 टक्क्यांचे. साडेचार ग्रॅम, म्हणजे जवळपास सपाट छोटा चमचा, क्लोरीन 3 पीपीएमने वाढवतो. वापर झाल्यावर, माणसं बाहेर आल्यावर टाकायचे. दोघं तासभर बसले असतील तर 10 ग्रॅमपासून सुरुवात करा आणि सकाळी पाणी तपासायच्या रंग बदलणाऱ्या पट्टीवर मोजा. शून्य आलं तर मात्रा कमी पडली, 5 च्या वर आलं तर जास्त झाली. चमच्यापेक्षा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बरा.

इथे एक मेख आहे, आणि दुकानदार ती सहसा सांगत नाहीत. एसडीआयसीमधून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं. 10 पीपीएम क्लोरीनमागे सुमारे 9 पीपीएम. क्लोरीन खर्च होतं, हे साचत जातं. मग पट्टी छान जांभळी दिसते, पण क्लोरीन मारक राहत नाही. म्हणून भरल्यापासून एकूण 50 ग्रॅम एसडीआयसी टाकून झालं की द्रव सोडियम हायपोक्लोराइटवर या. 10 टक्क्यांचं असेल तर 24 मिली म्हणजे 3 पीपीएम. वासाचं किंवा फेसाचं घरगुती ब्लीच चालणार नाही. कॅन उन्हात ठेवला तर ताकद महिन्याभरात बरीच घटते.

ब्लीचिंग पावडर टाकू नका, तिच्यातला चुना हीटरवर बसतो. टीसीसीएच्या (तलावात वापरतात त्या क्लोरीनच्या) गोळ्याही नकोत, जरी टबासोबत येणारा तरंगता डबा त्यांच्यासाठीच असला तरी. त्या आम्लधर्मी असतात, एवढ्याशा पाण्यात पीएच खाली ओढतात, आणि डबा भिंतीला चिकटून राहिला की तिथलं प्लॅस्टिक फिकं पडून कडक होतं. गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकाच चमच्याने किंवा एकाच डब्यात कधीही हाताळू नका, त्या एकत्र आल्या तर आग लागते.

पाणी कुठलं आहे त्यावरही बरंच अवलंबून आहे. धरणाचं नळाचं पाणी बहुधा मऊ असतं, त्याला फेस लवकर येतो. देशावरच्या बोअरचं पाणी जड, त्याने हीटरवर पांढरा थर धरतो. कोकणात जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ आणि जरासं आम्लधर्मी, तिथे भरल्याबरोबर खायचा सोडा लागतोच. यंत्रात जड पाण्यासाठी सोय दिली आहे, पण ती क्षार काढून टाकत नाही. बोअरचं पाणी 250 पीपीएमच्या वर जड असेल तर अर्धं टँकरचं मिसळा (तेही मोजूनच, कारण टँकरही बहुतेक वेळा कुणाच्या तरी बोअरवरच भरलेला असतो), आणि पीएच 7.4 च्या वर जाऊ देऊ नका.

फेसाचं कारण नव्वद टक्के वेळा माणसंच असतात. खोबरेल तेल, सनस्क्रीन, आणि कपड्यांत राहिलेली धुण्याची पावडर. साबण न लावता अंग धुऊन आणि केस बांधून उतरायचं. दिवाळीत तेल-उटणं लावून टबात अभ्यंगस्नान करायची कल्पना मोहक आहे खरी, पण त्यानंतर फिल्टरचं कार्ट्रिज आणि पाणी दोन्ही टाकून द्यावं लागतं.

कार्ट्रिज एस-1 प्रकारचं. दोन-तीन दिवसांनी काढून घडी-घडीतून नळाच्या पाइपने धुवा, वरून खाली. दोन कार्ट्रिज आलटून पालटून वापरली तर एक वाळत राहतं, आणि कोरडं कार्ट्रिज ओल्यापेक्षा चांगलं स्वच्छ होतं. धुण्याची पावडर लावू नका. रोज वापर असेल तर दोन ते चार आठवड्यांत बदला. रोज किमान चार तास फिल्टर फिरला पाहिजे, टब वापरला नसला तरी.

पडद्यावर ‘ई90’ आलं की लोक थेट सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. त्याचा अर्थ एवढाच की पाणी वाहत नाही. कार्ट्रिज काढून पंप लावा. खूण गेली तर दोष कार्ट्रिजचा. नाही गेली तर पाण्याची पातळी खुणेइतकी आहे का बघा. त्यानंतर संशय हवेचा. प्लग काढून, जाळीच्या जागी नळाचा पाइप धरून जोराने पाणी सोडलं की पाइपात अडकलेली हवा निघते. एवढं करूनही फरक नाही पडला, तर पंपाच्या पात्यावर क्षार बसलेत, तेव्हा फोन करा.

पाणी कधी बदलायचं? लिटरला 11.4 ने भागा, मग रोजच्या माणसांनी भागा. दोघं रोज असतील तर 35 दिवस. उपसण्याआधी पाइपांतला चिकट थर मारायचा. 70 ग्रॅम एसडीआयसी टाकून, झाकण उघडं ठेवून, तासभर पंप फिरवा. त्या वेळी टबात कोणी नको आणि पाण्यावर तोंड धरून वास घेऊ नका. असं पाणी दोन-तीन दिवस उन्हात ठेवून, पट्टीवर शून्य दिसल्यावरच झाडांना द्या. रोजच्या 3 पीपीएमच्या पाण्याला मत्स्यालयाच्या दुकानातले अँटी-क्लोरीनचे खडे 10 ग्रॅम पुरतात.

विकत घ्यायचा की नाही, हे घरात रोज कोणी असतं का यावर ठरवा. रोज पाच मिनिटं पट्टी बुडवून बघणारा असेल तर पैसे वसूल. लोणावळ्याच्या किंवा पाचगणीच्या शनिवार-रविवारच्या बंगल्यात आठवडाभर पाणी भरून ठेवणं हा मात्र सगळ्यात वाईट वापर. केअरटेकरला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे शुक्रवारी भरा, सुरुवातीला 5 ग्रॅम एसडीआयसी, प्रत्येक वापरानंतर 10 ग्रॅम, रविवारी रिकामा. पाणी गरम ठेवून जाणं परवडतं का, हे एका रात्रीत कळतं. हीटर बंद करून झाकण लावा, सकाळी तापमान बघा. 5 अंश उतरले तर तेवढी उष्णता भरून काढायला 4.6 युनिट लागतात, रात्रीमागे.

40 अंशांत एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालची मुलं नकोत. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच. दारू पिऊन तर नाहीच.

एप्रिल-मेच्या उन्हात भरलेली हवा फुगते आणि शिवण उसवते, तेव्हा दुपारी थोडी हवा सोडा आणि टबावर सावली करा. पावसाळ्यात सरळ आवरून ठेवा. आतल्या पाइपांतलं पाणी फुंकून काढा, दोन दिवस उघडा वाळवा, मगच घडी. दमट टब जुलैत काळ्या बुरशीने भरतो. गोठ्यात किंवा माळ्यावर ठेवणार असाल तर झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, उंदरांना हे प्लॅस्टिक भारी आवडतं. वापरलेलं कार्ट्रिज मात्र जपून ठेवू नका, पुढच्या हिवाळ्याला नवीन घाला.