पन्हळ साफ करायची, जाळी बसवायची की पन्हळच काढून टाकायची?

गावच्या घराला पन्हळ आहे, पण शिडी लावून ती साफ करायला घरात कुणी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आज अशी घरं पुष्कळ आहेत. मंडळी मुंबईत किंवा पुण्यात, घरी आई-वडील किंवा नुसतं कुलूप. मे महिन्यात कौलं शाकारताना विषय निघतोच: यंदा पन्हळीचं काय करायचं? मी गेली काही वर्षं हे तिन्ही उपाय आमच्या आणि शेजारच्या घरांवर जवळून पाहिले आहेत, म्हणून हा ताळा मांडतो. माझं मत आधीच सांगतो: न साफ केलेली पन्हळ घराला पन्हळ नसण्यापेक्षा जास्त वाईट.

त्याचं कारण आकड्यांत पाहा. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराची एक बाजू ५० चौरस मीटर जागा झाकत असेल, तर एका पावसाळ्यात तिच्यावरून दीड लाख लिटर पाणी उतरतं आणि सगळं एका पन्हळीतून, बहुधा एकाच पाइपातून खाली येतं. त्या पाइपाच्या तोंडावर फणसाची चार पानं आडवी बसली की पुरे. दहा मीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल पन्हळ काठोकाठ भरली तर तिच्यात १५० लिटर पाणी, म्हणजे दीडशे किलो वजन होतं. ते सगळं वाशांच्या टोकांना ठोकलेल्या पट्ट्यांवर येतं.

पट्ट्या तुटल्या तर निदान दिसतं तरी. जास्त नुकसान न दिसणारं असतं. पन्हळीची भिंतीकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा जराशी खाली असली की तुंबलेलं पाणी आतल्या बाजूने सांडतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात. पण वाशांच्या टोकांपर्यंत आणि भिंतीच्या माथ्यापर्यंत ते नक्की जातं. जांभ्याचा चिरा सच्छिद्र, तो पाणी पितो. आतल्या गिलाव्याला पोपडे येतात, ओल्या लाकडाला वाळवी धरते. आमच्या स्वयंपाकघरामागची पन्हळ सलग दोन पावसाळे कुणी पाहिली नव्हती. तिसऱ्या वर्षी कौलं उतरवली तेव्हा कोपऱ्यातल्या दोन वाशांची टोकं हाताने चुरडत होती. साफसफाईला अर्धा दिवस लागला असता. सुतार आणि गवंडी मिळून पाच दिवस काम चाललं.

स्वतः साफ करणं की माणूस लावणं

शिडीवर चढायला धडधाकट माणूस आणि खाली शिडी धरायला दुसरा, असे दोघं घरात असतील तर स्वतः करण्यासारखं उत्तम काही नाही. एकमजली घराची पन्हळ दोन-तीन तासांत होते. खुरपं, जुनी सुपली आणि बादली पुरते. निघणारा कुजका पातेरा माडाच्या आळ्यात टाकावा, चांगलं खत आहे. शिवाय आपल्याच डोळ्यांना सरकलेलं कौल, गंजलेला सांधा, पक्ष्याने टाकलेल्या बीतून उगवलेलं पिंपळाचं रोप दिसतं. रोप बोटभर असताना उपटलं तर निघतं, मुळं सांध्यात शिरली की पन्हळच कापावी लागते.

माणूस लावण्यात अडचण मजुरीची नाही, वेळेची आहे. मिरगाच्या आधीच्या आठवड्यात गावातला प्रत्येक कामाचा माणूस कुणाच्या तरी छपरावर असतो. म्हणून एप्रिलमध्येच सांगून ठेवावं. आणि सांगताना "पन्हळ साफ कर" एवढंच सांगू नये. वरच्या टोकाला एक बादली पाणी ओतून ते खालच्या पाइपातून धारेने बाहेर येतंय का, हे बघून मगच काम झालं म्हणायचं. पन्हळ नुसती झाडली आणि पाइप तुंबलेलाच राहिला, तर काम न झाल्यासारखंच आहे.

सत्तरीच्या वडिलांनी शिडीवर चढणं मला कोणत्याही हिशेबात मान्य नाही. पावसात अंगणाला शेवाळ धरतं, शिडी सरकते. विजेची तार पुष्कळदा वळचणीजवळूनच घरात येते. आणि सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय तर कुणीच पाय ठेवू नये.

जाळी

जाळी बसवली की साफसफाई संपली, असं विकणारा सांगतो. ते खरं नाही. आंब्याचं, फणसाचं मोठं पान जाळीवर अडतं, उन्हात वाळतं आणि वाऱ्याने उडतं, हे मे महिन्यापर्यंत ठीक. जुलैच्या झडीत तेच पान ओलं होऊन जाळीला चिकटतं. अशी वीस पानं एकावर एक बसली की छपरावरून वेगाने येणारं पाणी जाळीवरून सरळ पुढे उडी मारतं. चिंच, शेवगा, सुरू यांचा बारीक पाला तर जाळीतून आतच जातो, आंब्याचा मोहोरही जातो. आत चिखल साचतो आणि तो काढायला आधी जाळी उघडावी लागते, म्हणजे काम दुप्पट.

घराभोवती मोठ्या पानांचीच झाडं असतील तर जाळीने खेपा कमी होतील, एवढंच. त्यापेक्षा पाइपाच्या तोंडावर उपड्या टोपलीसारखी फुगीर जाळी बसवावी. खर्च थोडा, आणि पातेरा भोवती जमला तरी वरच्या बाजूने पाणी उतरत राहतं. ही मात्र प्रत्येक घराला हवीच.

पन्हळ काढून टाकणं

हा उपाय ऐकायला विचित्र वाटतो, पण आपली जुनी घरं अशीच होती. पागोळ्या मोकळ्या पडत, वळचण लांब असे, जोतं उंच असे आणि भिंतीला पावसाच्या बाजूने चुडताची, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांची, झापं बांधत. वर्षातून दहा महिने कुलूप असलेल्या घराला आजही हेच बरं. पण त्यासाठी छप्पर भिंतीच्या पुढे निदान दोन-अडीच फूट आलेलं हवं. पागोळ्या जिथे पडतात त्या रेघेत गोटे किंवा खडी पसरावी, नाहीतर तांबडी माती उडून भिंतीचा खालचा हातभर भाग सतत ओला राहतो. आणि ते पाणी जोत्यापासून दूर नेणारा चर हवा. चर पातेऱ्याने बुजला तर फावड्याने मोकळा करता येतो, शिडी लागत नाही. या उपायाचा सगळा फायदा एवढ्यातच आहे.

तीन ठिकाणी पन्हळ काढता येत नाही. दारावर, कारण तिथे माणसांची ये-जा असते. शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असलेल्या बाजूला. आणि दोन छपरं मिळतात त्या कोनात. तिथली पन्हळ तुंबली तर पाणी थेट माजघरात उतरतं, ती साफ करण्यावाचून इलाज नाही.

छपराचं पाणी विहिरीत सोडत असाल तर पन्हळ ठेवा आणि साफही करा. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये आपल्या विहिरी तळ गाठतात, तेव्हा हे पाणी मोलाचं आहे. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी मात्र बाहेर सोडून द्या, त्यात वर्षभराची धूळ आणि विष्ठा असते.

पन्हळ पत्र्याची की पीव्हीसीची, यावर फार डोकं खपवू नका. ओल्या पातेऱ्याखाली पत्रा आतून गंजतो, किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत लवकर. पीव्हीसी गंजत नाही, पण उन्हाने ठिसूळ होते आणि पट्ट्या लांब लांब ठोकल्या तर मध्ये झोळ पडतो. झोळात उघडीप पडल्यावरही पाणी साचून राहतं. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडण्याइतका होतो, आणि डोक्याच्या वरचं ते पाणी कुणाच्या नजरेला पडत नाही.

आता वेळापत्रक. चाकरमानी मे महिन्यात येतात आणि गणपतीला येतात. या दोन्ही वेळा पन्हळीसाठी अगदी योग्य आहेत. तिसरी खेप पाऊस गेल्यावर दिवाळीच्या सुमारास. राहते ती चौथी, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: पहिला पाऊस लागून आठ-दहा दिवस झाल्यावरची. छपरावरचा सगळा कचरा तेव्हा धुऊन पन्हळीत येतो आणि पुढे जुलैचा मोठा पाऊस असतो. त्या वेळी गावी कुणी नसतं. या एका खेपेची सोय ज्याला लावता येईल त्याने पन्हळ ठेवावी. ज्याला येणार नाही त्याने यंदाच्या मेमध्ये घराच्या मागची आणि बाजूची पन्हळ उतरवून चर खणून घ्यावा, दारावरची आणि कोनातली तेवढी राखावी.

आमच्याकडे आता शेजारच्या काकांचा मुलगा जूनच्या मध्यावर शिडी लावतो. नंतर पाऊस जोरात असताना तो खालच्या पाइपाचा फोटो पाठवतो. धार पाइपाच्या तोंडाएवढी जाड दिसली की ठीक. बारीक दिसली आणि वरून कडेने पाणी सांडत असलं, तर उघडीप मिळताच तो पुन्हा वर चढतो.