परस साफ करून घेतला आणि घरातली अडगळ काढली : दोन टीम, दोन अनुभव

दुसऱ्या टीमला ५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते पुढे सांगते, पण आधी पहिल्या टीमचं सांगायलाच हवं कारण त्यांच्यामुळेच मला कळलं की हे काम देताना काय विचारायचं असतं.

आईबाबांचं घर दोन वर्षं बंद होतं. मागचा परस म्हणजे कमरेएवढं तण, वाळलेल्या फांद्यांचा ढीग, आणि माळ्यावर अडगळ इतकी की शिडी लावून डोकं आत घातलं तर खांदे आत जाईनात. घाई होती म्हणून ज्यांनी सगळ्यात कमी पैसे सांगितले त्यांना काम दिलं, आले, तीन तासात टेम्पो भरला, गेले, मी खुश. चार दिवसांनी फिरायला गेले तर ओढ्याच्या कडेला आमचंच जुनं खोकं पडलेलं, त्यावर बाबांच्या अक्षरात त्यांचं नाव. खाली आमची गादी, आमचे रंगाचे डबे, एक डबा फुटून रंग पाण्यात चाललेला. मला तिथे उभं राहवेना. पैसे मी दिले होते, कचरा माझा होता आणि तो ओढ्यात होता. फोन केला तर उचलला नाही, शेवटी दुसरा टेम्पो बोलावून मीच ते उचलून घेतलं.

परसाचं अर्धं काम आणि माळा अजून बाकीच होता. त्यासाठी दुसरी टीम बघितली ती शेजारच्या काकूंच्या ओळखीने, दोघे भाऊ आणि त्यांच्यासोबत एक मावशी. यावेळी पहिला प्रश्न हाच विचारला की दादा, माल जाणार कुठे? मोठ्या भावाने न अडखळता सांगितलं, लोखंड-पत्रा-पुठ्ठा भंगारात, पाला इथेच खड्ड्यात किंवा खतवाल्याकडे, राडारोडा वेगळ्या गाडीने डेब्रीजच्या ठरलेल्या जागी, आणि बॅटऱ्या, ट्यूब, रंग आम्ही कचऱ्यात मिसळत नाही, ते वेगळं ठेवतो, जमा करणाऱ्या सेंटरवर द्यायचं. आणि टाकल्याची पावती किंवा फोटो मिळेल म्हणाला. माझं अर्धं टेन्शन तिथेच गेलं.

पैशाचं म्हणाल तर तासावर, ट्रिपवर किंवा उक्तं असं तिन्ही चालतं. तासावर दिलं की काम रेंगाळतं, ट्रिपवर दिलं की टेम्पो पोकळ भरून दोनाच्या तीन ट्रिपा होतात, म्हणून जागा दाखवून उक्तं ठरवलेलं बरं, फक्त काय काय उचलायचं ते मेसेजवर लिहून घ्या आणि आधीचे फोटो काढून ठेवा. भंगाराचे पैसे कोणाचे हे पण तेव्हाच बोला, शेवटी वाद होतो तो तिथेच. आम्ही भंगार समोर वजन करून बिलातून वजा केलं. शेवटचा हप्ता पावती बघून दिला, त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

आता काम. ग्रासकटर सुरू करायच्या आधी धाकट्याने अख्खा परस पायाखाली घालून दगड, काचा, तारा वेचल्या, कारण पात्याखाली खडा आला की गोळीसारखा उडतो. डोळ्याला गॉगल, पायात गमबूट, आणि मला पोरांना आत ठेवायला सांगितलं. गाजरगवत मात्र मशीनने कापलं नाही, हातमोजे घालून मुळासकट उपटलं, त्याने अंगाला खाज येते आणि फुलं आलेली झाडं कापून तशीच टाकली तर बी पडून पुढच्या पावसात दुप्पट उगवतं. ते खताच्या खड्ड्यातही घातलं नाही. मी विचारलं का, तर म्हणाला बी मरायला ढीग आतून ५५-६० डिग्रीपर्यंत तापायला लागतो आणि तुमचा ढीग छोटा आहे ताई, तेवढा तापायचा नाही. बाकीचा सुका पाला आणि हिरवं गवत त्यांनी थरावर थर टाकून ओलं करून ठेवलं, पाला जास्त आणि हिरवं कमी. जाळायचं नावसुद्धा काढलं नाही. आधीच्यांनी सरळ काडी लावायला घेतली होती आणि मला दम्याचा त्रास आहे.

मावशींबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे. भिंतीकडेला जुन्या कुंड्या, बादल्या, एक टायर असं पडलेलं, सगळ्यात पाणी साचलेलं. मी म्हटलं ओता की झालं. मावशी म्हणाल्या, "नुसतं ओतून काय व्हतंय बाय, अंडी कडेला चिकटून ऱ्हात्यात," आणि ब्रशने प्रत्येक भांड्याची आतली कड खरवडून काढली, मग उन्हात पालथी घातली. अगदी बरोबर आहे ते, डेंग्यूच्या डासाची अंडी कोरडी झाली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसात डास तयार. फुटक्या काचा त्यांनी जाड कागदात गुंडाळल्या, दोरी बांधली आणि वर मार्करने "काच" लिहून घेतलं माझ्याकडून, पुढे कचरा निवडणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. हे मी आजवर कधीच केलं नव्हतं, आता करते.

माळ्यावरून निघालेल्या फुगलेल्या मोबाईल बॅटऱ्या धाकट्याने हलक्या हाताने उचलून वाळूच्या डब्यात ठेवल्या, गाडीत दाबल्या गेल्या तर पेट घेतात. सीएफएल बल्ब पण वेगळे, त्यात पारा असतो.

आता कापलेला स्टार. पहिल्या दिवशी दोन तास उशिरा आले, फोन नाही काही नाही. आणि आईने लावलेला जाईचा वेल तण समजून बुंध्यापासून कापला. मी सांगितलं नव्हतं हे खरं, पण विचारायला हवं होतं, मला फार वाईट वाटलं. तुम्ही काम देणार असाल तर जी झाडं ठेवायची त्यांना आधीच लाल चिंधी बांधा. बुंध्याला मातीची भर घातलीय, परवा एक कोंब दिसला.

कोपऱ्यातल्या झाडाची एक फांदी भिंतीवर आली होती ती कापायची ठरली होती, पण वर बुलबुलाचं घरटं निघालं, आत तीन पिल्लं. मोठा भाऊ कोयता घेऊन खाली उतरला. "ऱ्हाऊ दे ताई, उडाली की येऊन कापतो." पैसे तर पूर्ण दिलेले, मी धरूनच चालले होते की आता काही येत नाही हा. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी फाटकाशी उभा होता, कोयता आणि दोर घेऊन, आधी वर चढून घरटं रिकामं आहे ना ते बघितलं आणि मग फांदी कापली.