ब्लॅडर (मूत्राशय) काढल्यानंतर व्यायाम: चालणं, बँड की पोहणं?

आधी हे बघा की ब्लॅडरच्या कॅन्सरचं ऑपरेशन नक्की कुठलं झालंय. दुर्बिणीतून नुसती गाठ खरवडून काढली असेल तर पोटावर टाकेच नसतात, दोन-तीन आठवडे जड उचलायचं नाही कारण आतली जखम ओली असते आणि लघवीतून परत रक्त येऊ शकतं, मग हळूहळू नेहमीचं सुरू. खाली लिहिलंय ते अख्खं ब्लॅडर काढलेल्यांसाठी.

चालणं हॉस्पिटलमध्येच सुरू होतं, बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी, नळ्या लावलेल्या असतानाच. पेशंटला वाटतं काय छळ लावलाय, पण कॅन्सर आणि पोटाचं मोठं ऑपरेशन एकत्र आलं की पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो आणि तो घरी आल्यावरही काही आठवडे राहतो. चालल्याने तो कमी होतो, शिवाय छातीत कफ साठत नाही. एकदाच लांब फेरी मारून दिवसभर आडवं होण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा चाला, बोलता येईल इतपतच दम लागू दे. तोटा एकच पण मोठा, नुसत्या चालण्याने गेलेली ताकद परत येत नाही. आधी किमो झाली असेल, जेवण कमी, वय जास्त, तर मांड्या अक्षरशः वितळतात.

म्हणून ताकदीचा व्यायाम लागतोच, पण घाई इथेच नडते. पहिले सहा-आठ आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, भरलेली बादली आणि नातवंडंसुद्धा यात आली. रोबोटिक झालंय, छोटी छोटी भोकं आहेत म्हणून चालतं असं नाही. लघवी गोळा करायला पोटावर बाहेर पिशवी असेल तर आतड्याचा तुकडा पोटाच्या भिंतीतून बाहेर काढलेला असतो, ती जागा कायमची कच्ची राहते आणि तिथे हर्निया होऊ शकतो. खुर्चीतून उठ-बस लवकर सुरू करता येते, बँड (ताणून ताकद वाढवायचा रबरी पट्टा) नंतर डॉक्टरांना विचारून, जोर लावताना श्वास सोडत. सिटअप्स आणि प्लँक सगळ्यात शेवटी, आणि पिशवीवाल्यांनी सपोर्ट बेल्टचं आधीच विचारून घ्यावं.

पोहायला मस्त पण उशिरा, जखम पूर्ण भरल्यावर आणि नळ्या निघाल्यावर. पिशवी पाण्यात टिकते, फक्त आधी रिकामी करा. आतड्याचं नवीन ब्लॅडर आतच बसवलं असेल तर सुरुवातीचे महिने लघवी गळते, त्यामुळे पोहण्याआधी केगल (लघवी रोखायचे स्नायू आवळायचा व्यायाम), तेही कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावरच.

माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने चालणं आणि उठ-बस, मग आठवड्यातून दोनदा बँड, आणि पोहणं आवड असेल तरच. सायकलच्या सीटचा दाब नेमका ऑपरेशनच्या भागावर येतो, ती मी तरी मागे ठेवेन.

एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठा. आणि महिने उलटूनही थकवा हटत नसेल तर त्याला आळस म्हणू नका, आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन कमी असू शकतं, लघवीसाठी वापरलेल्या आतड्यातून लघवीतले घटक शोषले जाऊन रक्तातलं आम्ल वाढलेलं असू शकतं, आणि काही वर्षांनी बी-१२ पण कमी होतं.