विद्यार्थ्यांसाठीचा सूक्ष्मदर्शी : खोक्यावरचा दावा आणि काचपट्टीवरचे जीवाणू

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या शिकवणीसाठी सांगलीतील प्रयोगशाळा-साहित्याच्या एका दुकानातून आम्ही हा सूक्ष्मदर्शी घेतला. त्यासोबत ४, १०, ४० आणि १०० पटींची वस्तुभिंगे, १० व २५ पटींची नेत्रभिंगे आणि तयार काचपट्ट्यांची पेटी मिळते. खोक्यावर ठळक छापलेले २५०० पट विशालन मात्र मनावर घेऊ नये. साध्या प्रकाशात सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे २५ पटींच्या नेत्रभिंगाने चित्र फुगते, तपशील वाढत नाही.

४०० पटींपर्यंत उपकरणाबद्दल तक्रार नाही. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन टाकले की पेशीभित्तिका आणि केंद्रक स्वच्छ उठून दिसतात.

खरा कस लागतो तो जीवाणूंपाशी. गालाच्या आतील बाजू हलकेच खरवडून, तो लेप वाळवून त्याला मिथिलीन ब्लू हे निळे रंजक दिले, तर एकाच काचपट्टीवर दोन्ही प्रकारच्या पेशी सापडतात : सुमारे ५० मायक्रोमीटर रुंदीची, मध्यभागी निळेगर्द केंद्रक असलेली आपली दृश्यकेंद्रकी पेशी आणि तिच्याच अंगावर चिकटलेले, जेमतेम एक मायक्रोमीटरचे आदिकेंद्रकी, म्हणजे असे केंद्रक नसलेले, जीवाणू. ४०० पटींवर हे जीवाणू नुसते ठिपके वाटतात. तेल लावून १०० पटींचे वस्तुभिंग टेकवले की गोलाणू कोणते आणि दंडाणू कोणते, हे ओळखता येते. जीवाणूंत पटलाने वेढलेले केंद्रक नसते आणि ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही नसतात. त्यांचा डीएनए पेशीद्रवातच असतो. त्यांचे प्रथिने बनवणारे रायबोझोमही आपल्यापेक्षा लहान, म्हणजे ८०एसऐवजी ७०एस असतात (एस हे कण तळाशी बसण्याच्या वेगावरून आकार सांगणारे एकक). ते या उपकरणात दिसणे शक्य नाही, पण स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक नेमके या ७०एस रायबोझोमनाच गाठते, हे शिकवताना जरूर सांगावे.

दह्याच्या निवळीवर ग्रॅमची रंजनक्रियाही, म्हणजे भित्तिकेनुसार जीवाणूंना जांभळ्या आणि गुलाबी गटांत विभागणारी चाचणी, आम्ही केली. पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाच्या जाड भित्तिकेमुळे दह्यातील जीवाणू अल्कोहोलने धुतल्यावरही जांभळेच राहिले आणि गोलाणूंच्या साखळ्या सुरेख दिसल्या. पेटीतील तयार ग्रॅम-पट्टी मात्र इतकी फिकट आहे की तिच्यावरून जांभळा आणि गुलाबी हा भेद शिकवता येत नाही. तेलाची बाटलीही गळकी निघाली.

आठवी-नववीपर्यंतच शिकवायचे असेल, तर तेलाच्या भिंगाविना येणारे स्वस्त उपकरण पुरेसे आहे.