पगार आणि शेती दोन्ही असताना विवरणपत्र कसे भरावे: स्वतः, सेवा केंद्रातून की सी.ए.कडून?

मराठवाड्यात नोकरदाराच्या नावावर थोडीफार शेतजमीन असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र कोणाकडून भरून घ्यावे याचा निर्णय बहुतेकदा त्या जमिनीवरूनच घ्यावा लागतो. संगणक येतो की नाही, याला त्यामानाने कमी महत्त्व आहे.

ज्याला केवळ पगार किंवा निवृत्तिवेतन आणि बँकेचे व्याज एवढेच उत्पन्न आहे व ते ५० लाखांच्या आत आहे, त्याने प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःच विवरणपत्र भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे शुल्क लागत नाही, पगाराचे व टीडीएसचे, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या कराचे, आकडे बहुधा आधीच भरून आलेले असतात आणि आपल्याला फॉर्म १६ (नोकरी देणाऱ्याने दिलेले पगार व करकपातीचे प्रमाणपत्र), २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) व वार्षिक माहिती विवरण, म्हणजेच एआयएस, एकमेकांशी ताडून पाहायचे असते. हे ताडणे टाळू नये, कारण मुदत ठेवीचे व्याज फॉर्म १६ मध्ये सहसा नसते, एआयएसमध्ये मात्र दिसते. वीज आणि नेटवर्कचा भरवसा नसेल, तर विभागाची ऑफलाइन युटिलिटी उतरवून घेऊन सवडीने माहिती भरता येते व तयार झालेली फाइल नंतर अपलोड करता येते.

शेती आली की चित्र बदलते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते दाखवावे लागते. ते ५,००० रुपयांच्या वर गेले की ‘सहज’, म्हणजे आयटीआर-१ हा विवरणपत्राचा सोपा फॉर्म, चालत नाही आणि पगारदाराला आयटीआर-२ भरावा लागतो. शिवाय इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर त्यावरील कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही हिशेबात धरले जाते. परभणीच्या एखाद्या शिक्षकाने चार एकरांतले सोयाबीन मोंढ्यावर विकले असेल, तर आडत्याच्या पट्टीवरील रकमेतून बियाणे, खत, फवारणी आणि काढणीची मजुरी वजा करून निव्वळ आकडा दाखवायचा असतो. हा आकडा ५ लाखांच्या वर असल्यास जिल्हा, पिनकोड, एकरांतील क्षेत्र, जमीन मालकीची की खंडाची आणि बागायत की कोरडवाहू, हेही विचारले जाते. म्हणून सातबारा हाताशी असावा.

तालुक्याच्या गावातले सेवा केंद्र जवळ आणि स्वस्त पडते, पण अशा करदात्यासाठी तो मला सर्वांत जोखमीचा पर्याय वाटतो. जुलैच्या गर्दीत शेतीबद्दल न विचारता ‘सहज’ भरून टाकले जाते आणि काही ठिकाणी संकेतस्थळावरील आपल्या खात्याला मोबाइल क्रमांक व ई-मेलही केंद्राचाच जोडला जातो. फॉर्म चुकल्यामुळे विभागाने विवरणपत्र सदोष ठरवले, तर दुरुस्तीसाठी साधारण १५ दिवस मिळतात, पण ती नोटीस जाते केंद्राच्या ई-मेलवर. मुदत उलटली की विवरणपत्र भरलेच नव्हते असे धरले जाऊ शकते. केंद्रात जायचेच असेल तर मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि पासवर्ड स्वतःचेच ठेवावेत. परताव्यात टक्केवारी मागून खोट्या वजावटी दाखवणाऱ्या मध्यस्थाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, कारण चुकीची माहिती दिल्याबद्दल चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड करदात्यालाच भरावा लागतो.

सी.ए.चे शुल्क जास्त असते, मात्र प्लॉट किंवा शेअर विकले असतील अथवा वेतन आयोगाच्या फरकाची थकबाकी मिळाली असेल, तर ते सार्थकी लागते. थकबाकीवरील सवलतीसाठी विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०ई भरावा लागतो, आणि ते राहिले की सवलत नाकारली जाते. नवी करप्रणाली (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) आपोआप लागू होते. जुनी फायद्याची असेल तर पगारदाराला ती मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच निवडावी लागते, त्यामुळे दोन्हींचा हिशेब सी.ए.कडून मांडून घ्यावा. पगार आणि शेती दोन्ही असणाऱ्याने पहिल्या वर्षी आयटीआर-२ सी.ए.कडून भरून घ्यावा आणि पुढच्या वर्षी त्याच प्रतीच्या आधारे स्वतः भरावा, हे मला सर्वांत योग्य वाटते.

कोणताही मार्ग निवडला तरी विवरणपत्र दाखल केल्यापासून ३० दिवसांत ई-पडताळणी करावी लागते, आणि आधारचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच येत असल्यामुळे तो क्रमांक चालू आहे का, हे जुलै उजाडण्यापूर्वीच पाहून घ्यावे.